शेवटची फेरीबोट चुकलेल्या माणसाची रात्र: शब्दांविना अँबियंट तुकड्यात गोष्ट कशी आणायची?

खाडीकाठ

आठ मिनिटांचा इलेक्ट्रॉनिक तुकडा करतोय. गोष्ट एवढीच: कोकणातली खाडी, संध्याकाळची शेवटची फेरीबोट सुटते, एक माणूस धक्क्यावर राहतो. रात्र जाते, मध्ये पाऊस येतो, पहाटे पलीकडून पहिली बोट येते. निवेदन नाही, बोल नाहीत.

सामान: लॅपटॉप, रीपर (ध्वनिमुद्रण-संपादनाचं सॉफ्टवेअर), व्हायटल सिंथ (सॉफ्टवेअरमधलं वाद्य), फुकटातला सुपरमॅसिव्ह रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट), हेडफोन. ध्वनिमुद्रणं: बोटीचं इंजिन (एका सिलिंडरचं डिझेल), भोंगा, धक्क्याखालचं पाणी, पाऊस, रातकिडे आणि बासरीवर वाजवलेली मारवा रागाची एक ओळ, सा पांढरी एक (कीबोर्डचा सी). सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

अडचणी अशा:

१. प्रत्येक थर सुटा ऐकला की छान वाटतो. एकत्र वाजले की दोन मिनिटांत लक्ष उडतं. वातावरण होतं, गोष्ट होत नाही.
२. बोट लांब जाते तिथे आवाज सरळ रेषेत कमी केलाय आणि रिव्हर्ब वाढवलाय. बोट लांब न जाता देवळात शिरल्यासारखी वाटते.
३. बासरी आणि पॅड (सिंथचा लांब, मऊ स्वरपट) एकत्र आले की कुठेतरी खुपतं. ट्यूनर तर दोन्ही बरोबर दाखवतो.
४. पाऊस म्हणजे केबल तुटलेल्या टीव्हीची खरखर.
५. खालचा ड्रोन (सलग धरलेला आधारस्वर) फोनवर पूर्ण गायब.

---

तारसप्तक

पहिल्या अडचणीचं आधी बघू, बाकीच्या तांत्रिक आहेत.

तुमच्या यादीत सगळी नामं आहेत: बोट, पाऊस, रातकिडे. क्रियापदं नाहीत. पॅड 'आहे', पाऊस 'आहे'. ऐकणाऱ्याला गोष्ट लागते ती आधी ऐकलेली एखादी खूण बदललेल्या अवस्थेत परत भेटते तेव्हा. म्हणून अशी एकच खूण निवडा आणि तिला आठही मिनिटं वाहून न्या. तुमच्याकडे ती आयती आहे: इंजिनाचा ठोका.

एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. मिनिटाला ६०० फेरे असतील तर सेकंदाला ५ ठोके. ७५ बीपीएमवर (मिनिटाला ७५ मात्रा) सोळांश, म्हणजे पाव मात्रा, हीही सेकंदाला बरोबर ५ पडते. तुमच्या मुद्रणात १० सेकंदांचे ठोके मोजा. समजा ४७ भरले, म्हणजे सेकंदाला ४.७, त्याला ६० ने गुणून ४ ने भागा, ७०.५. प्रोजेक्टचा टेम्पो तोच ठेवा. इंजिन ताणून ७५ वर आणायला जाऊ नका, डिझेलचा पोत ताणल्यावर रबरी होतो. खालचे आकडे ७५ धरून देतोय, तुम्ही आपल्या मोजमापाने बदला.

आता बोट गेली की ठोका मरू द्यायचा नाही, तो पॅडमध्ये शिरू द्यायचा. व्हायटलमध्ये पॅडच्या आवाजावर टेम्पोला बांधलेला एलएफओ (आवाज ठरावीक वेगाने वरखाली हलवणारा भाग) लावा, सोळांश, खोली जेमतेम २ ते ३ डेसिबल. इंजिन विरत असताना हे थरथरणं आधीच खाली चालू असलं पाहिजे, म्हणजे इंजिन नेमकं कधी थांबलं ते कानाला कळत नाही. मग रात्र चढेल तसा वेग निम्मा, पुन्हा निम्मा: सेकंदाला ५, २.५, १.२५. शेवटचा आकडा म्हणजे मिनिटाला ७५, शांत बसलेल्या माणसाच्या नाडीच्या जवळ. बोट निघून गेलीय आणि तिचा ठोका आता वाट बघणाऱ्याच्या छातीत आहे. पहाटे उलटा प्रवास, आणि ५ वर पोचलेल्या थरथरण्यावर खरं इंजिन नेमकं बसवायचं.

इथे हमखास चुकतं ते एलएफओचा वेग सलग घसरवताना. बंद केलेला सीलिंग फॅन ऐकू येतो. त्याऐवजी पॅडच्या तीन प्रती करा (सोळांश, अष्टमांश म्हणजे अर्धी मात्रा, चतुर्थांश म्हणजे पूर्ण मात्रा) आणि २० ते २५ सेकंदांच्या क्रॉसफेडने (एक उतरवत दुसरी चढवत) एकीतून दुसरीत जा. तिन्ही ग्रिडला (टेम्पोच्या चौकटीला) बांधलेल्या असल्यामुळे ठोके एकमेकांवर पडतात, वेग बदलतोय हे कळत नाही, नंतर बदललाय एवढंच जाणवतं.

७५ बीपीएमला चार मात्रांचा बार ३.२ सेकंदांचा, आठ मिनिटं म्हणजे बरोबर १५० बार. ढोबळ आखणी:

०:०० पाणी, दोरांची करकर, बाकी काही नाही
०:२५ इंजिन सुरू
०:५० बोट सुटते, बासरीची पूर्ण ओळ एकदाच
२:३५ इंजिन संपलं, थरथरणं शिल्लक
४:१० पहिले थेंब
४:३० ते ५:४० भर पाऊस
६:१० सगळ्यात शांत जागा, १५ सेकंद
६:४० ठोका परतू लागतो
७:१० लांबून भोंगा

बासरीची ओळ पुन्हा पूर्ण वाजवू नका. रात्री तिचे फक्त शेवटचे दोन स्वर, तेही ऑडॅसिटीतल्या पॉलस्ट्रेचमधून काढलेले: स्ट्रेच फॅक्टर ८ ते १०, टाइम रिझोल्यूशन ०.२५. पॉलस्ट्रेच स्वर तसाच ठेवतो पण आघात, फुंकर, जिभेचा ठोका सगळं पुसून टाकतो. उरते ती ओळीची आठवण.

---

मोनोचेक

२ आणि ५ घेतो, जाता जाता थोडं गढूळपणाबद्दल.

लांब जाणं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल पडतो. बोट सेकंदाला ३ मीटरने जाते आणि सुरुवातीला आपल्यापासून १० मीटरवर आहे असं धरा:

२० मीटर: −६ डेसिबल, ३ सेकंदांनी
४० मीटर: −१२, १० सेकंदांनी
८० मीटर: −१८, २३ सेकंदांनी
१६० मीटर: −२४, ५० सेकंदांनी
३२० मीटर: −३०, १०३ सेकंदांनी
६४० मीटर: −३६, २१० सेकंदांनी

म्हणजे सुरुवातीला आवाज झपाट्याने पडतो आणि मग शेपूट रेंगाळत राहतं. डेसिबलमध्ये सरळ रेषा काढली की बोट सुरुवातीला हलतच नाही आणि शेवटी एकदम नाहीशी होते. कुणीतरी बटण फिरवतंय एवढंच कळतं. वरचे वेळ निम्मे करून हेच बिंदू व्हॉल्यूमच्या ऑटोमेशनवर टाका, १०५ सेकंदांत बोट जाईल आणि तारसप्तक यांच्या २:३५ ला नेमकी संपेल. सोबत लो-पास (वरच्या वारंवारता कापणारा फिल्टर) १२ किलोहर्ट्झवरून दीड किलोहर्ट्झपर्यंत आणा, तोही आधी हळू, मग जास्त. शेवटच्या मिनिटात आवाजात १ ते २ डेसिबलची अनियमित हालचाल घाला, पाण्यावरच्या वाऱ्याने तसं होतं. डॉप्लरच्या (हलत्या वस्तूच्या आवाजाचा स्वर बदलण्याच्या) नादी लागू नका: ३ मीटरच्या वेगाला फरक १५ सेंटचा (१०० सेंट म्हणजे कीबोर्डवरची शेजारची पट्टी), आणि तोही स्थिर, त्यामुळे जाणवत नाही.

रिव्हर्ब. खाडीला छप्पर नाही, भिंती नाहीत. तिथे हॉल रिव्हर्ब लावला की देऊळच होणार. खाडीत ऐकू येतो तो प्रतिध्वनी. दमट उबदार हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. समोरचा डोंगर ३५० मीटरवर असेल तर भोंगा बरोबर २ सेकंदांनी परत येतो. रीडीले (रीपरमधला प्रतिध्वनीचा इफेक्ट) घ्या: एक टॅप (एकच प्रतिध्वनी), २००० मिलिसेकंद, फीडबॅक शून्य, लो-पास १२०० हर्ट्झ, मूळ आवाजापेक्षा १४ ते १८ डेसिबल खाली. एवढ्यात खाडीची रुंदी दिसते.

मोठा रिव्हर्ब फेकू नका, त्याला वेगळं काम द्या. बाहेर घडतंय ते कोरडं, माणसाच्या मनात चाललंय ते ओलं. पाणी, इंजिन, पाऊस यांना सुपरमॅसिव्ह नाही. ताणलेल्या बासरीला आणि पॅडला भरपूर, शेपूट ८ ते १० सेकंद. हा नियम तिसऱ्या मिनिटापर्यंत कसोशीने पाळला की पुढे तो एकदा मोडता येतो, उदाहरणार्थ पहाटेचा भोंगा आधी ओला ऐकवून मग कोरडा.

रिव्हर्ब इन्सर्टवर (थेट ट्रॅकवर) न लावता सेंडवर (वेगळ्या समांतर ट्रॅकवर) ठेवा आणि त्याच्या मागे इक्यू (वारंवारता कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावा: ३०० हर्ट्झखाली कापा, ६ किलोहर्ट्झच्या वर उतरवा. तुमचा गढूळपणा बहुतेक २०० ते ४०० हर्ट्झमध्ये साठलाय, कारण प्रत्येक पॅडचं शेपूट तिथेच येऊन पडतं. १५० च्या खाली फक्त ड्रोन आणि इंजिन. पॅडला १८० ला लो-कट, पावसाला ४००, रातकिड्यांना २ किलोहर्ट्झ. त्यांचं खाली काहीच नसतं, असतो तो रेकॉर्डर हातात धरल्याचा आवाज.

ड्रोन. पांढरी एकचा खर्ज सा ६५ हर्ट्झला येतो. फोनचा स्पीकर २०० च्या खाली नावापुरताच. ड्रोनची प्रत काढून तिला सॅच्युरेशन (हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले स्वर, वाढवणारी हलकी विकृती) द्या, २०० च्या खाली कापा आणि मूळ ड्रोनखाली −१२ ला मिसळा. वरचे हार्मोनिक ऐकू आले की कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. शेवटी मास्टर (सगळ्याचं एकत्र मिश्रण) मोनो करून बघा. रुंदीसाठी पॅडवर कोरस (आवाजाच्या किंचित हललेल्या प्रती मिसळणारा इफेक्ट) लावला असेल तर तो मोनोत अर्धा गळतो.

---

षड्ज

मोनोचेक यांच्या सॅच्युरेशनमध्ये एक खड्डा आहे, आणि तो नेमका या रागात आहे.

मारव्यात पंचम वर्ज्य. टेप किंवा सममित क्लिपिंगच्या जातीचं सॅच्युरेशन विषम हार्मोनिक वाढवतं. तिसरा हार्मोनिक १९६ हर्ट्झ, म्हणजे पंचम. पंचम काढून टाकायचा म्हणून जपायचं आणि खालून प्लगइनने तोच फुगवायचा! असममित, ट्यूब जातीचं घ्या. त्यात दुसरा आणि चौथाही येतो, दोन्ही षड्जच. आणि त्या प्रतीवर १९६ ला अरुंद इक्यूने ४ ते ६ डेसिबल खाली काढा. पूर्ण नको, सा पोकळ होतो.

ड्रोन सा-प असा लावला असेल तर आधी तो बदला. मारव्याला तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावतात, काही जण धैवताला. नि-सा ड्रोन ठेवला की पायाखालची जमीन जराशी तिरकी होते, धक्क्यावरच्या माणसाला तेच हवंय. मारव्यात सा जितका टाळाल तितकी तगमग वाढते. रात्रभर बासरीला रिषभ-धैवतावर ठेवा. ७:२० पर्यंत मध्य सा वर मुक्काम नको. मग पहिल्यांदाच तो लांब धरा, आणि त्याच्या आधी एकदाच शुद्ध मध्यम तीव्र मध्यमाच्या शेजारी येऊ द्या. दोन्ही मध्यम लागले की ललतची, म्हणजे पहाटेची, चाहूल लागते. दोन्ही संधिप्रकाशाचेच, एक दिवस मावळतानाचा, दुसरा उगवण्याआधीचा. माहीत नसलेल्या कानालाही काहीतरी उजाडलं हे कळतं.

आता तिसरी अडचण. ट्यूनर खोटं बोलत नाही, तो समान भागांच्या पट्टीवर मोजतोय एवढंच. सा २६१.६ हर्ट्झ धरला तर शुद्ध गांधार ३२७.० ला येतो, कीबोर्डचा ३२९.६ ला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीच लाटा. वादक कानाने गांधार लावतो, तो ३२७ कडे झुकतो, आणि तुमच्या ड्रोनचा पाचवा हार्मोनिकही ३२७ लाच आहे. एकटा पडतो तो पॅड. धैवतावर फरक आणखी थोडा मोठा, १६ सेंट.

व्हायटल स्कालाच्या फाइली (स्वरांची पट्टी लिहिलेल्या साध्या फाइली) वाचतो. नोटपॅडमध्ये पहिल्या ओळीत काहीही नाव, दुसऱ्या ओळीत १२, आणि पुढे ओळीला एक याप्रमाणे (फाइलीत अर्थातच इंग्रजी आकडे):

१६/१५
९/८
६/५
५/४
४/३
४५/३२
३/२
८/५
५/३
९/५
१५/८
२/१

एससीएल एक्स्टेन्शन देऊन जतन करा आणि व्हायटलमध्ये ट्यूनिंग म्हणून उघडा. नुसती ही फाइल दिली की मधला सी हाच सा धरला जातो. तुमचा सा पांढरी एकच आहे, त्यामुळे पुढची उलाढाल वाचली. काळी एक असती तर मॅपिंगची वेगळी फाइल लागली असती.

तरीही आधी बासरीचे लांब धरलेले स्वर मोजा. वाजवता वाजवता बासरी गरम होते आणि चढते. सगळी ओळ ८ सेंट चढी असेल तर व्हायटलची मास्टर ट्यून ८ सेंट चढवा. बासरीवर ऑटोट्यून चालवलं तर मींड पायऱ्यापायऱ्यांची होते, तो गुन्हा करू नका.

---

कानसेन

एक वेगळं मत. खरं इंजिन पंचविसाव्या सेकंदाला आलं की ऐकणारा 'बोट' म्हणून मोकळा होतो आणि उरतं ते आकाशवाणीचं नभोनाट्य. इंजिन सिंथवरच करा: नॉइजचा छोटा झटका, बँडपास (तेवढाच पट्टा सोडणारा फिल्टर) ९० हर्ट्झच्या आसपास, डिके (विरण्याचा वेळ) ८० मिलिसेकंद, सेकंदाला पाच. ओळखू येईल न येईल अशा काठावर ठेवा.

---

तारसप्तक

@कानसेन, अर्धं पटलं. सुरुवातीला ओळख पटलीच पाहिजे, नाहीतर पुढे पॅडमध्ये शिरलेला ठोका कशाचा हे कळणार नाही आणि थरथरणं नुसता इफेक्ट होईल. पण तुमचा सिंथ-ठोका मधल्या जागेला बरोबर बसतो. २:०० ते २:३५ मध्ये खऱ्या इंजिनाखाली तो वर आणावा, म्हणजे डिझेल गेलं की तो उरतो आणि त्याच्यातून पॅडकडे जाता येतं. ठोके मात्र ग्रिडवर घट्ट नकोत. ५ ते १२ मिलिसेकंद पुढेमागे, आणि दर सात-आठ ठोक्यांत एखादा किंचित बसका. खरं डिझेल असंच चालतं.

---

खाडीकाठ

नि-सा ड्रोन आणि स्काला फाइल लावून बघितली, खुपणं गेलं. सॅच्युरेशन टेपचंच होतं, बदललं. पावसाचं आणि रातकिड्यांचं राहिलं. रातकिड्यांचा २० सेकंदांचा लूप तिसऱ्या फेरीला ओळखू येतो. आणि शेवटी आवाजाची पातळी किती ठेवायची?

---

पागोळी

पाऊस खरखर वाटतो कारण लांबून घेतलेला पाऊस ध्वनी म्हणून खरोखरच खरखर असतो: सगळ्या वारंवारता एकदम, आकार काहीच नाही. पाऊस ओळखू येतो तो थेंब कशावर पडतो त्यावरून. म्हणून जवळून वेगवेगळं मुद्रण करा: पत्रा, कौल, ताडपत्री, केळीचं पान, उपडी बादली. प्रत्येकी निदान तीन मिनिटं, माइक थेंबाच्या जागेपासून एक-दीड फुटावर आणि आडोशाला, शिखर −१२ डेसिबलच्या आत. पत्र्यावरचा एखादा टपोरा थेंब सरासरीच्या १५ डेसिबल वर उडी मारतो, सरासरी बघून गेन लावलात तर तोच फुटतो. माइकवर नुसता फोम पुरत नाही, वाऱ्याला केसाळ टोपी लागते.

मांडणी: लांबचा पाऊस फक्त अस्तर म्हणून, ५ किलोहर्ट्झला लो-पास, खूप खाली. त्यावर दोनच पृष्ठभाग, एक डावीकडे एक उजवीकडे. चार नकोत, लगेच परत खरखर. ४:१० ला सहा-सात सुटे थेंब हाताने ठेवा, ग्रिडवर अजिबात नाही. पाऊस थांबला हे पाऊस कमी करून कळत नाही, पागोळ्या सुरू झाल्यावर कळतं. एक पागोळी दीड-पावणेदोन सेकंदांनी, दुसरी जरा जलद, आणि अंतर वाढत जाणारं.

भर पावसाची सत्तर सेकंदं फुकट घालवू नका. पाऊस बाकी सगळं झाकतो, तेवढ्यात सामान हलवून घ्या: नाटकात अंधार करून नेपथ्य बदलतात तसं. ड्रोन एका सप्तकाने वर न्या, पॅडची चतुर्थांशाची प्रत आणा, आणि पाण्याचा आवाज बदला. शेवटचं महत्त्वाचं आहे. संध्याकाळी भरती असेल तर पाणी धक्क्याखाली थपथपतं. सहा तासांनी ओहोटीला पाणी लांब गेलेलं असतं आणि उघड्या चिखलात बुडबुडे फुटण्याची बारीक चटचट उरते. पावसाआधी थपथप, पावसानंतर चटचट. घड्याळ न दाखवता मध्यरात्र झाली. पहाटे बोट येताना थपथप परत आणा.

रातकिडे: एका लूपऐवजी तीन, लांबी १७, २३ आणि २९ सेकंद. तिन्ही पुन्हा एकत्र सुरू व्हायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तासांवर, लागतात. ब्रायन ईनोने १९७८ च्या विमानतळासाठीच्या संगीतात वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यांनी हेच केलं होतं. पण गणितावर विसंबू नका: लूपमध्ये एखादी टिटवी किंवा लांबचा कुत्रा असेल तर कान तेवढंच धरून बसतो. असे ओळखू येणारे आवाज कापून काढा. टिटवी हवीच असेल तर स्वतंत्र ट्रॅकवर, आठ मिनिटांत एकदा.

---

मोनोचेक

पातळी: सरासरी −१८ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं मोजमाप), ट्रू पीक (खरं शिखर) −१. स्ट्रीमिंगसाठी −१४ गाठायला लिमिटर (शिखरं दाबून बाकी आवाज वर आणणारा इफेक्ट) दाबलात तर बोट लांब जाण्याचा सगळा हिशोब वाया जाईल, कारण लिमिटर जवळच्या बोटीला खाली आणि लांबच्या बोटीला वर ओढतो. उलट ६:१० ची शांत जागा शॉर्ट-टर्म (थोड्या वेळाची सरासरी) −३२ च्या खाली जाऊ देऊ नका. प्रवासात ऐकणारा तुकडा संपला समजून पुढचं लावेल. त्या १५ सेकंदांत पूर्ण शांतता नकोच, एक रातकिडा आणि चिखलाची चटचट.

एमपी३ द्यायचं असेल तर ३२० केबीपीएस. १२८ वर पाऊस पाण्याखाली बुडबुडल्यासारखा होतो, कारण खरखरीसारखा आवाज दाबणं त्या पद्धतीला सगळ्यात अवघड जातं. आणि रीपरच्या रेंडर (अंतिम फाइल काढण्याच्या) खिडकीत टेल (शेवटानंतर जोडलेला वेळ) तपासा. ती एक सेकंदावर राहिली असेल आणि तुमचा रिव्हर्ब दहा सेकंदांचा असेल, तर शेवटचा सा कात्रीने कापल्यासारखा तुटेल. १२००० मिलिसेकंद करा.